शेवटच्या पानाची शेवटची ओळ

मागच्या महिन्यात नागपूरच्या एका पेपरात आठव्या पानावर, स्थळांच्या जाहिरातींच्या खाली, दोन ओळींची बातमी आली. पवनीचे मनिराम सोनकुसरे वृद्धापकाळाने वारले, ते काही काळ पत्रकारितेत होते. मी स्वयंपाकघरात गेले, कात्री आणली आणि बातमी कापली. कापून झाल्यावर लक्षात आलं की आता चिकटवायला रजिस्टर नाही आणि दाखवायला साहेब नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण हाताची खोड काही जात नाही.

'काही काळ' या दोन शब्दांचा मला राग आला. माणूस एकवीस वर्षं दर शुक्रवारी पेपर काढतो आणि त्याचं 'काही काळ' होतं. पण राग करायचा मला तरी काय अधिकार? तो काळ ज्या कागदानं संपला त्याच्यावर सही साहेबांची असली तरी अक्षर माझं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी मनिरामजींबद्दल चांगलं बोलायला लागले की वाचणाऱ्यानं मला फार भलं समजू नये.

मी अड्याळची. नोकरी भंडाऱ्याला, एका सरकारी कार्यालयात. कोणतं ते सांगत नाही, सांगून आता कोणाचं भलं होणार नाही. माझं काम कात्रणांचं. सकाळी जिल्ह्यातले सगळे पेपर टेबलावर यायचे. त्यात सरकारबद्दल जे जे असेल ते कापायचं, रजिस्टरात चिकटवायचं आणि शेजारी लिहायचं, अनुकूल की प्रतिकूल. प्रतिकूल असेल त्याच्या खाली लाल रेघ. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा निम्मे पेपर तिकडे गेले, आमचं रजिस्टर बारीक झालं आणि ऑफिसात सगळ्यांना हायसं वाटलं. पण आमच्या वाट्याला आलेल्या निम्म्यात मनिरामजींचं साप्ताहिक 'धोटा' होतं.

पवनीहून सुटणारी सकाळची एसटी अड्याळला येईपर्यंत खच्चून भरलेली असे. शुक्रवारी मात्र मला हमखास जागा मिळे. तिसऱ्या बाकावर खिडकीशी मनिरामजी बसलेले आणि त्यांच्या शेजारी, माणसाचं तिकीट काढल्यासारखा, 'धोट्या'चा गठ्ठा. पवनीपासून कोणीही ती जागा मागितली की ते शांतपणे म्हणत, "जागा हाये भाऊ, बाई येऊन राहिल्या." बाई अजून पंधरा किलोमीटरवर एसटीची वाट पाहत उभी असे. मी चढले की ते गठ्ठा उचलून मांडीवर घेत, वरचा अंक काढून मला देत आणि खिडकीबाहेर बघत बसत. म्हणजे माझं ऑफिस शुक्रवारी अड्याळच्या स्टँडवरच सुरू व्हायचं.

भंडाऱ्याला उतरलो की ते माझ्या मागोमाग ऑफिसात येत. पेपर काढणाऱ्यानं प्रत्येक अंकाच्या प्रती सरकारात जमा करायच्या असतात. बाकीचे संपादक महिन्याचे अंक एकदम कोणाच्या तरी हाती पाठवून देत, कित्येक तर तेही नाही. मनिरामजी एकवीस वर्षं स्वतः आले. प्रती माझ्या टेबलावर ठेवायच्या, एक छोटी वही पुढं करायची आणि म्हणायचं, "शिक्का मारा बाई. उद्या हा अंक निघालाच नाही म्हनतीन." मी शिक्का मारायची, तारीख घालायची, सही करायची. एसटीत शेजारी बसून आलेला माणूस टेबलापलीकडे गेला की एकदम अर्जदारासारखा उभा राही. खुर्ची दिली तर बसत नसत.

त्यांचं घर विणकरांचं. चार पिढ्या माग चाललेला. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई शेवटपर्यंत पातळं विणत होत्या आणि घर खरं तर त्यावरच चालायचं. मनिरामजी तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवायला गेले आणि तिथंच रमले. पुढं स्वतःचा पेपर काढला तेव्हा त्याला मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचं नाव दिलं. त्याही नावाला घरातून विरोध होता म्हणे. सुभद्राबाई म्हणाल्या होत्या, "धोट्यानं कापड तरी होते. तुमच्यानं काय होनार हाये?" हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना बायकोचं बरोबर असल्यासारखी मान हलवत.

दिसायला सुकट माणूस. सदरा हातमागाच्या कापडाचा, त्याच्या दोन्ही खिशांत इतके कागद की छाती फुगलेली दिसे. विनोद त्यांना कळत नसे. कोणी केला तर ते विचारत, "हे खरं हाये का?" आणि पेपर, खरं सांगायचं तर, कंटाळवाणा. पहिल्या पानावर कोणत्या गावच्या हातपंपाचा दांडा किती दिवसांपासून मोडला आहे, दुसऱ्या पानावर धानाचे भाव, तिसऱ्यावर एसटीच्या बदललेल्या वेळा. मथळे असे की वाचणाऱ्याला जांभई यावी. पण चूक सापडायची नाही. छापायच्या आधी ते उजव्या हाताचं मधलं बोट ओळींवरून सरकवत जात, कापडावर सुटलेला धागा शोधावा तसं. बोट जिथं अडे तिथं काहीतरी चुकलेलं असायचंच.

आणि एक नियम होता. तो दुसऱ्या कोणत्याही पेपरवाल्याचा मी पाहिला नाही. ज्याच्याबद्दल छापायचं त्याच्या घरी जाऊन त्याला ती बातमी आधी वाचून दाखवायची. चांगली असो, वाईट असो. "ज्याचं लिवलं त्याच्या तोंडावर वाचता आलं पाह्यजे बाई. नाई वाचता आलं त छापू नये." त्यामुळे बुधवार-गुरुवार ते सायकलवर किंवा एसटीनं गावोगाव हिंडत असत. सरपंचाला त्याच्याच ओसरीवर बसून त्याची लबाडी वाचून दाखवायची, आणि वर त्याच्याकडचा चहा प्यायचा. एक कंत्राटदार तर सायकलची घंटा ऐकली की मागच्या दारानं वावरात पळे. मनिरामजी बांधावर उभे राहून तिथून मोठ्यानं वाचत. ऐकणारं गाव मग आपोआप जमायचं.

हा नियम त्यांच्याकडून एकदाच मोडला. दिघोरीकडच्या एका गावचे मास्तर आठ दिवस शाळेत आले नाहीत अशी बातमी होती. मनिरामजी वाचून दाखवायला गेले तर घराला कुलूप. अंकाची वेळ झालेली, त्यांनी तशीच छापली. नंतर कळलं की मास्तर रीतसर रजा टाकून आईला घेऊन दवाखान्यात होते. पुढच्या अंकात माफी आली. कुठं आली? पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच जाड अक्षरात. तेवढ्यानं भागलं नाही. अंक घेऊन ते दिघोरीकडे गेले, प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या पटांगणात उभे राहिले आणि सगळ्या पोरांसमोर ती माफी वाचून दाखवली. मास्तरच कानकोंडे झाले. "झालं मनिरामजी, पुरे करा, चहा घेऊ," असं ते मधेच म्हणाले, तरी यांनी शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मी एसटीत त्यांना म्हटलं, इतकं कशाला? तर म्हणाले, "जिथं फाटलं तिथंच रफू करा लागते. दुसऱ्या टोकाले करून काय उपेग?"

आणीबाणीत ते नागपूरच्या एका छापखान्यात कामाला होते. छापायच्या आधी प्रुफं घेऊन अधिकाऱ्याकडे जायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच, पहेल्याजवळ एसटी पंक्चर होऊन आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो तेव्हा, बोलले.

"साहेब लाल पेन्सिलीनं काट मारे. बाजूले सही करे. मले विचाराल त तो टाइम बरा होता."

"बरा? काहून?"

"काट दिसे. कोनं मारली, कुठं मारली, समदं दिसे. आता दिसत नाही बाई. मानूस मनातल्या मनात काट मारते आन् मंग कागद घेते लिवाले."

मी हसले. त्या वेळी माझ्या पर्समध्ये ऑफिसचा लाल पेन होता.

मग आमच्याकडे नवे साहेब आले. ते वाईट नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसाच्या डोक्यावर सगळं खापर फोडून मोकळं होता येतं आणि इथं ती सोय नाही. हसतमुख होते, माझ्या सासूच्या तब्येतीची चौकशी करत. त्यांनी मनिरामजींना चहाला बोलावलं. मनिरामजींनी प्रथमच ऑफिसातल्या खुर्चीवर टेकून चहा घेतला. साहेब म्हणाले, "मनिरामजी, तुमची मेहनत मोठी आहे हो. पण थोडं चांगलंही लिहा. जिल्ह्यात विकास होतो आहे, तो दिसू द्या."

"लिवतो साहेब," मनिरामजी म्हणाले. "झाला का मले निरोप धाडा. मी येऊन पाहून जातो."

यात टोमणा नव्हता. त्यांना टोमणा मारता येतच नसे. पण साहेबांना तो बसला, आणि त्यानंतर 'धोट्या'च्या सरकारी जाहिराती थांबल्या. थांबवल्या असं कोणी म्हटलं नाही, कुठल्याही कागदावर लिहिलं नाही. यादी करताना ते नाव राहून जाऊ लागलं. यादी मीच टाइप करत होते.

शेवटच्या पानावर जाहिरातींची जागा रिकामी पडली. मी सुचवलं की जागा कोरीच ठेवा, लोकांना कळेल तरी. त्यांना ते पटलं नाही. "कोऱ्या जागेत लोकं काय वाचतीन? कागद आनला हाये, त छापा लागते." मग त्या जागेत त्यांनी गावोगावी त्या आठवड्यात मेलेल्या माणसांची नावं द्यायला सुरुवात केली. नाव, गाव, वय, आणि कशानं गेलं. नियम इथंही तोच, घरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. दर आठवड्याला वीस-पंचवीस नावं असत. मला शुक्रवारी सकाळी ते पान उघडायला नको वाटे. पण लोक मात्र आधी तेच पान उघडू लागले. अड्याळच्या बाजारात मी बायकांना ते एकमेकींना वाचून दाखवताना पाहिलं आहे.

भादव्यात फार पाऊस झाला. करडीकडच्या एका गावात तलावाची पाळ फुटली आणि सरजाबाई नावाची बाई धानाच्या बांध्यातून वाहून गेली. पुढच्या शुक्रवारी त्या यादीत सतरावं नाव होतं: 'सरजाबाई, वय बावन्न, तलावाची पाळ फुटून.' बस, इतकंच. मथळा नाही, आरोप नाही. पण ती पाळ गेल्या उन्हाळ्यात दुरुस्त झाल्याचं कागदावर होतं, फीत कापल्याचा फोटो माझ्याच रजिस्टरात अनुकूल म्हणून चिकटवलेला होता. दुरुस्त झालेली पाळ फुटत नसते. म्हणून सरजाबाई तापानं मेली असा कागद तयार झाला होता, आणि सगळ्या मोठ्या पेपरांनी पाळीला 'किरकोळ भगदाड' पडल्याचं छापलं होतं. सरजाबाईचं नाव कोणीच छापलं नव्हतं.

सरजाबाई तापानं गेली असा आमच्या ऑफिसातून खुलासा गेला. मनिरामजींनी तो शब्दही न गाळता पहिल्या पानावर छापला. आणि त्याच्या खाली एकोणीस माणसांची नावं छापली. सरजाबाईला चिखलातून ज्यांनी बाहेर काढलं त्यांची. कोणी हात धरले, कोणी पाय धरले, कोणी अंगावरचा दुपट्टा काढून तिच्यावर पांघरला. प्रत्येकाच्या घरी जाऊन वाचून दाखवलेलं. "तिच्या नवऱ्याले वाचून दाखवलं," ते मला म्हणाले. "त्यानं सांगतलं, अजून एकदा वाचा. मंग मी अजून एकदा वाचलं." इतकं बोलून त्यांनी खिडकीची काच वर केली.

त्या अंकावर मी लाल रेघ मारली. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर पवनीच्या छापखान्यात परवाना तपासायला माणसं आली. पहिल्यांदा आली, चहा पिऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा चहा घेतला नाही. छापखान्याचा मालक मनिरामजींचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं हात जोडले. "मनिराम, मले कोनंच काही सांगतलं नाही. तरी तू आता दुसरीकडे पाहाय." मनिरामजींनी त्याला एका शब्दानं दुखावलं नाही. मजकूर घेऊन ते शेजारच्या जिल्ह्यात ब्रह्मपुरीला गेले आणि अंक तिथं छापून आणला.

त्या शुक्रवारी एसटीत त्यांनी मला अंक दिला तेव्हा मी तो उलटा करून आधी शेवटचं पान पाहिलं. कोणत्याही पेपराच्या शेवटच्या पानावर अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते: हा पेपर कोणी छापला, कोणत्या छापखान्यात, कोणी प्रसिद्ध केला. ती कोणी वाचत नाही. मी वाचायची, कारण ते माझं काम होतं. कायद्यानं पेपर काढण्याआधी अधिकाऱ्यापुढं घोषणापत्र द्यावं लागतं आणि त्यात छापखान्याचं नाव असतं. छापखाना बदलला की नवं घोषणापत्र. ते मिळेपर्यंत अंक काढला तर तो बेकायदा. आता खरी गोष्ट अशी की जिल्ह्यातली निम्मी साप्ताहिकं नागपुरात छापली जायची आणि खाली गावच्या छापखान्याचं नाव टाकायची. हे आम्हाला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, शिपायालाही माहीत होतं. कोणी कधी हूं की चूं केलं नाही.

मनिरामजींच्या शेवटच्या ओळीत ब्रह्मपुरीच्या छापखान्याचं नाव होतं.

"मनिरामजी, हे काय केलं?" मी म्हटलं. "ही ओळ जुनीच राहू द्यायची होती."

"तिथं छापलं नाही त कशी राहू देऊ?"

"सगळेच देतात."

"देत असतीन. पयल्या पानावर मी सरकारले म्हनतो, तुमी सरजाबाईचं खोटं लिवलं. आन् शेवटच्या पानावर मीच खोटं लिवू?"

"नव्या घोषणापत्राचा अर्ज दिला?"

"सोमवारीच देल्ला. ते म्हनतात, आज या, उद्या या."

"मग ते मिळेपर्यंत अंक ऑफिसात देऊ नका. माझं ऐका. मी कोणाला विचारणार नाही."

"अंक निघाला त द्या लागते बाई. कायदा हाये."

"त्या कायद्यानंच तुमचा गळा धरतील."

"धरू द्या. पन मंग त्यायले सांगा लागन का नाही, काहून धरला म्हून."

त्यांना वाटत होतं की गळा धरणारा कारण सांगतो. लाल पेन्सिलीच्या काळातला माणूस. ऑफिसात मी त्यांच्या वहीत शिक्का मारला, तारीख घातली, सही केली आणि अंक टेबलावरच्या पेपरांच्या गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून दिला. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. चार अंक असे तळाशी गेले आणि मला वाटलं मी मोठंच काही करते आहे.

पाचव्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. मधेच काही बदल्या निघणार होत्या. त्यांच्या टेबलावर यादी पालथी ठेवलेली होती. तिच्याबद्दल ते काहीही बोलले नाहीत. सासूबाई कशा आहेत, मुलगी दहावीला ना, असं विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमची नजर फार बारीक आहे. त्या 'धोट्या'त नियमात न बसणारं काही तुमच्या पाहण्यात आलं का?"

मी दहा वेळा स्वतःला विचारलं आहे की मी का बोलले. सासू अंथरुणाला होती, मुलीचं वर्ष होतं, दूरची बदली झाली असती तर घर मोडलं असतं, हे सगळं खरं आहे. पण त्या क्षणी यातलं काही मनात नव्हतं. उत्तर फक्त मला येत होतं, वर्गात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, आणि शाळेतल्या बाईंनी मलाच विचारलं होतं. तसं काहीतरी झालं. मी म्हटलं, "साहेब, शेवटची ओळ बघितली का?"

साहेब म्हणाले, "शाब्बास." मग टिपणी मीच लिहिली. टाइपिस्ट रजेवर होता, म्हणून हातानं. माझी लाज त्या अक्षरात कुठं दिसत नाही. अक्षर नेहमीसारखं वळणदार आहे.

वरच्या कार्यालयातून मनिरामजींना कारणे दाखवा नोटीस गेली. सोबत माझ्या टिपणीची छायाप्रत. एकवीस वर्षं दर शुक्रवारी ज्या वहीत मी तारीख घातली ती वही त्यांच्याच खिशात असायची, तेव्हा अक्षर ओळखायला त्यांना किती वेळ लागला असेल?

पुढच्या शुक्रवारी मी अड्याळला चढले. गठ्ठा नेहमीसारखा जागेवर होता. त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला. "बसा बाई." मी बसले. त्यांनी अंक दिला नाही. सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

"तुमचं अक्षर हाये ना?"

"हो."

"वाचा."

"मनिरामजी..."

"ज्याचं लिवलं त्याच्या तोंडावर वाचता आलं पाह्यजे. वाचा बाई. जरा मोठ्यानं, गाडीचा लय आवाज होऊन राहिला."

मी वाचलं. सदर साप्ताहिकाचे मागील चार अंक घोषणापत्रात नमूद केलेल्या मुद्रणालयात मुद्रित झाल्याचे दिसून येत नाही. सदर बाब नियमबाह्य असून संबंधितांवर उचित कार्यवाही प्रस्तावित करण्यात येत आहे. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. मनिरामजी डोळे मिटून ऐकत होते. उजव्या हाताचं मधलं बोट गुडघ्यावरून हळूहळू पुढं सरकत होतं, माझ्या शब्दांबरोबर. ते कुठंही अडलं नाही.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "एकही धागा सुटला नाही."

त्यांनी कागद घेतला, होता तसा घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर बघू लागले. त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. गाडीतल्या सगळ्यांसमोर माझी शोभा करायला हवी होती. ते झालं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

सुनावणीला त्यांनी वकील दिला नाही. दुसरे पेपर काय करतात ते सांगितलं असतं तर सगळ्यांचीच भानगड झाली असती आणि प्रकरण मिटलं असतं, असं ऑफिसात सगळे म्हणत होते. मनिरामजींनी कोणाचंही नाव घेतलं नाही. त्यायले तोंडावर वाचून दाखवलं नाही, म्हून त्यायचं सांगत नाही, इतकंच म्हणाले म्हणे. घोषणापत्र रद्द झालं. नव्याचा अर्ज पडला तो पडलाच. 'धोट्या'वर कोणी बंदी घातली नाही. आदेशात सरजाबाईचं नाव नाही, तलावाचं नाही, फक्त छापखान्याचं आहे. सरजाबाई कागदावर अजूनही तापानंच मेलेली आहे. माझी बदली झाली नाही.

मी त्यानंतर शुक्रवारी आधीची गाडी पकडू लागले. त्यासाठी पाऊण तास लवकर उठावं लागे. सहा-सात महिने ते जमवलं. एका शुक्रवारी सासूबाईंचं करता करता उशीर झाला, गाडी चुकली आणि नाइलाजानं मी त्या गाडीत चढले. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी पुढं, ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभी राहिले आणि मग मागं पाहिलं.

तिसऱ्या बाकावर खिडकीशी मनिरामजी होते. शेजारच्या जागेवर गठ्ठा होता, पण कापडाचा. सुभद्राबाईंनी विणलेली पातळं घेऊन ते भंडाऱ्याच्या दुकानात द्यायला चालले असावेत. त्यांनी मला पाहिलं. पाहिलं याबद्दल मला शंका नाही, कारण त्यांनी गठ्ठा उचलून मांडीवर घेतला आणि मग नेहमीसारखं खिडकीबाहेर बघू लागले.

कंडक्टर म्हणाला, "बाई, तिथं जागा हाये, बसा ना." मी म्हटलं, राहू द्या, उतरायचंच आहे. भंडारा वीस किलोमीटर होतं.

पहेल्याला एक म्हातारा चढला. तो त्या जागेकडे वाकला तेव्हा मनिरामजींनी सरकून आपली खिडकीची जागा त्याला दिली आणि स्वतः गठ्ठा घेऊन उभे राहिले. शेजारची जागा रिकामीच होती. त्यानंतर एक माणूस आला, मग डोक्यावर टोपली घेतलेली बाई, मग कॉलेजची दोन पोरं. प्रत्येकाला ते तेच सांगत होते, आणि गाडीच्या आवाजातही मला ते दर वेळी ऐकू येत होतं.

"जागा हाये, पन बाई येऊन राहिल्या."

मी भंडाऱ्यापर्यंत उभी होते. स्टँड आल्यावर मागं न बघता उतरले.